गजभियेकाका आणि त्यांची कलिमनेश्तची सासू

गजभियेकाका कोणाच्याही घरी गेले की पाण्याचा ग्लास आधी नाकाशी नेतात. वास घेतात. मग ग्लास तसाच खाली ठेवतात आणि यजमानाकडे असं बघतात, जणू त्यानं ताटात परवाची भाजी वाढली आहे.

साउथहॅम्प्टनला मी घर घेतलं ते सेमी-डिटॅच्ड. म्हणजे एका भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे ते. माझे खोके उघडायचे होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप. दारात उंच, रुंद खांद्यांचा, पासष्टीचा माणूस. जाड लोकरी स्वेटर आणि कपाळावर आठी.

"मराठी का?"

"हो."

"कुठली?"

"पुण्याची."

त्यांनी सुस्कारा सोडला. "चालते," म्हणाले. "होते असं कोणाकोणाचं."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी वास घेतला आणि ग्लास खोक्यावर ठेवला.

"कशाचाच वास नाही येऊन राहिला."

"पाण्याला वास नसतोच ना काका."

"काहून नसते? वास नाही, चव नाही, अंगात काही गुण नाही. याला पाणी म्हणते का कोणी? हे पाण्याचं प्रेत आहे. आणि वरून तुमच्या केटलमध्ये पांढरी राख सोडते."

चांगल्या पाण्याला, त्यांच्या मते, नासलेल्या अंड्यांचा वास यायला पाहिजे. गंधकाचा. पहिल्या घोटाला माणसाचं तोंड वाकडं झालं पाहिजे आणि तिसऱ्या दिवशी मूत्रपिंडानं आभार मानले पाहिजेत. असं पाणी जगात एकाच ठिकाणी मिळतं. रोमानियात, ओल्त नदीच्या काठी, कलिमनेश्त नावाच्या एका लहानशा गावात.

मी नागपूरच्या माणसाकडून हे ऐकत होते.

राग हा काकांचा आजार नाही, ती त्यांची प्रकृती आहे. मी शेजारी राहायला आल्यापासून ते रागावलेले नाहीत असा दिवस मी बघितलेला नाही. फक्त रागाची पातळी ओळखायला शिकले. 'मला' म्हणत असले की हवा बरी. 'मले' सुरू झालं की खिडक्या लावून घ्याव्या. कचऱ्याच्या बिनचा दिवस बदलला म्हणून कौन्सिलवर, म्हणजे इथल्या नगरपालिकेवर राग. जीपीकडे, म्हणजे डॉक्टरकडे, फोन केला की आधी संगीत ऐकवतात म्हणून राग. नागपूरहून भाच्यानं पाठवलेली संत्र्याची बर्फी कस्टमवाल्यांनी उघडून पाहिली म्हणून राग, आणि पाहून खाल्ली नाही म्हणून जास्त राग. पण सगळ्यात मोठा राग इंग्रज माणसावर, कारण तो भांडत नाही.

"त्याला म्हटलं, तुझ्या कुंपणाची हेज माझ्या अंगणात येऊन राहिली. तर तो मले सॉरी म्हणते. म्हटलं, सॉरी नको म्हणू, तू पण काही बोल. तर पुन्हा सॉरी. आता सांग पोरी, माणसानं आपला राग ठेवायचा कुठं? खिशात?"

कलिमनेश्तबद्दल मात्र ते ज्या आवाजात बोलत, तोही राग असला तरी वेगळ्या जातीचा होता. एखाद्या गुणी पण दुर्लक्षित भावाबद्दल बोलावं तसा. तिथं डोंगरातून झरे निघतात आणि प्रत्येक झऱ्याला नंबर आहे. हा पोटाचा, तो यकृताचा, तो सांध्यांचा. लोक चोच असलेले छोटे कप घेऊन बागेतून सावकाश फिरतात आणि घोट घोट पितात. आजूबाजूला डोंगरांत जुने ख्रिस्ती मठ. सहा-सहाशे वर्षांचे. काका एकेकाळी त्यांना विहारच म्हणायचे. "नागपूरच्या पोरानं झाडाखाली गप्प बसलेली काळ्या कपड्यातली माणसं पाहिली, तर तो दुसरं काय म्हणेल? आमची दीक्षाभूमी डोळ्यासमोर आली मला. फरक एवढाच का तिथं थंडी लई."

माणसाची कुठलीही तक्रार ऐकली की ते झऱ्याचा नंबर सांगत. मी एकदा ऑफिसमधल्या मॅनेजरबद्दल कुरकुर करत होते, तर शांतपणे ऐकून म्हणाले, "त्याला सात नंबर पाहिजे. पित्त आहे त्याला." मग माझ्याकडे बघून, "तुला पण पाहिजे. पुण्याच्या माणसाला जन्मल्याबरोबरच पाजावं ते."

आणि एक शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. आंबेडकर जयंतीला आम्ही सगळे एका कम्युनिटी हॉलमध्ये जमतो. काकांचं भाषण होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या एका हौशी तरुणानं ओळख करून दिली, "आणि आता आपल्यासमोर येत आहेत, ड्रॅक्युलाच्या देशात शिकून आलेले..." काकांनी त्याच्या हातातून माइक घेतला. पुढची वीस-पंचवीस मिनिटं बाबासाहेबांच्या शिक्षणविषयक विचारांऐवजी सभेनं रोमानियाचा भूगोल ऐकला. मठ किती, झरे किती, तिथला शेतकरी पाहुण्याला आधी काय वाढतो. शेवटी ते म्हणाले, "ज्या देशानं नागपूरच्या महाराच्या पोराला जात न विचारता जेवायला बसवलं, त्याला तुम्ही रक्त पिणारा म्हणता. बाबासाहेबांच्या जयंतीला. जय भीम." आणि जाऊन बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कोणाला कळेना.

रोमानियाची सगळी गोष्ट मागाहून त्यांनी मला नीट सांगितली. सरकारी शिष्यवृत्तीवर ते पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकायला रोमानियात गेले होते. अंगात नागपूरचा उन्हाळा, आणि बाहेर बर्फ. पहिल्याच वर्षी मुतखड्यानं लोळवलं. कॉलेजच्या डॉक्टरनं त्यांना कलिमनेश्तला पाठवलं. झऱ्यावर एक धिप्पाड बाई पांढरा एप्रन बांधून कप भरून देत होती. काकांनी कप घेतला आणि उन्हातून आलेला माणूस पाणी ढोसतो तसा एका दमात संपवला. बाई भडकली. हे पाणी आहे, बियर नाही, असं काहीसं सगळ्या बागेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. काकांना तेव्हा भाषा अर्धीमुर्धीच येत होती, पण शिवी समजली. त्या बाईच्या बाजूला स्टुलावर एक मुलगी विणत बसली होती. ती हसली.

"म्हणजे पाहून राहिली ना तू? आधी सासूची शिवी खाल्ली, मग बायको पाहिली. लोकांचं उलटं असते."

ती मुलगी डोरिना. तिकडची कम्युनिस्ट राजवट पडल्यावर दोघं इंग्लंडला आले. काका इथं रिफायनरीत लागले, डोरिना हॉस्पिटलात नर्स झाली. मूल झालं नाही. मी इथं येण्याच्या आधीच डोरिना कॅन्सरनं गेली होती. आणि जाण्याच्या आधी तिनं गावाकडून आपल्या म्हाताऱ्या आईला आणून ठेवलं होतं. म्हणजे भिंतीच्या पलीकडे राहतात ते असे दोघं. नागपूरचा विधुर जावई आणि त्याची पंच्याऐंशी उलटलेली रोमानियन सासू. तिचं नाव परास्किवा, पण सगळे बुनिका म्हणतात. बुनिका म्हणजे आजी.

आणि हे दोघं भांडतात.

मी राहायला आले त्याच संध्याकाळी भिंतीतून काकांचा आवाज आला. रोमानियन भाषेतला गडगडाट. त्याला उत्तर म्हणून एक किनरा, करवतीसारखा म्हातारा आवाज. पुन्हा गडगडाट. पुन्हा करवत. मी खोके उघडायचे सोडून ऐकत राहिले. आणि मग त्या करवतीच्या आवाजातून स्वच्छ मराठीत आलं, "गप बस."

तेवढंच मराठी तिला येतं. जावयाकडून शिकली.

भांडायला त्यांना विषय लागत नसे. सूपमध्ये मीठ जास्त. हीटिंग कमी. बुनिकाचं कानाचं मशीन शिट्टी मारतं आणि ती ते काढून साखरेच्या डब्यात ठेवते. काका ओरडतात म्हणून ती मशीन काढते, आणि मशीन काढते म्हणून काकांना ओरडावं लागतं. पण दर दोन-तीन दिवसांनी एक भांडण असं व्हायचं की त्याचा सूर निराळा असे. सुरुवात ती करायची, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारल्यासारखी. काका एखादा शब्द बोलत. ती पुन्हा तेच विचारी. मग काकांच्या घराचं मागचं दार आपटे आणि ते अंगणात येऊन, थंडी असो पाऊस असो, गुलाबाची झाडं छाटत उभे राहत. त्यांच्या गुलाबांना कधी फूल लागलेलं मी पाहिलं नाही. लागायला वेळच मिळत नव्हता.

मार्चमध्ये कोणीतरी कौन्सिलकडे तक्रार केली. त्या घरात एका म्हाताऱ्या बाईवर रोज आरडाओरडा होतो अशी. कोणी केली ते आजतागायत कळलेलं नाही. काकांनी मात्र शोध सुरू केला. दोन दिवस ते पुढच्या दारात हाताची घडी घालून उभे होते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला निरखत होते. पोस्टमनला विचारलं. समोरच्या घरातल्या कुत्र्यावरसुद्धा त्यांचा संशय होता असं मला वाटतं. शेवटी माझ्याकडे आले.

"तू तर नाही ना केली?"

"काका, मला ते रेडिओसारखं झालंय. बंद झालं तर झोप येणार नाही."

"मग उद्या ये. कौन्सिलची बाई येऊन राहिली. मले साक्षीदार पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. तरुण, नम्र, गळ्यात ओळखपत्र. आवाज इतका मऊ की ऐकायला पुढं वाकावं लागे. काकांनी तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि इंग्रजीत म्हणाले, "प्या. पण काही अपेक्षा ठेवू नका." बुनिका खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. डोक्याला काळा रुमाल, मांडीवर हात. बाईनं टेबलावर फोन ठेवला. फोनच्या दुसऱ्या टोकाला एक रोमानियन दुभाषी होती. तीही मऊ बोलणारी.

अडचण लगेच लक्षात आली. बुनिकाला काही ऐकू जाईना. दुभाषीनं प्रश्न विचारला, बुनिकानं हात कानामागे नेला. दुभाषीनं आवाज चढवला. अजून थोडा चढवला. थोड्या वेळानं फोनमधून ती बाई इतक्या जोरात ओरडत होती, की मला वाटलं आता कोणीतरी हिच्याही नावानं तक्रार करेल. काका भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच काहीसं समाधान पाहिलं.

"हे तुमच्यावर ओरडतात का?" प्रश्न गेला.

"ओरडतो," उत्तर आलं. "रोज."

"त्यांनी कधी हात उगारलाय?"

बुनिकानं हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारायला लावला. मग ती हसली. पुढचे दोनच दात दिसले. "त्यानं? मी उगारलाय. लाटण्यानं."

"तुम्हाला या घरात कशाची भीती वाटते का?"

"वाटते," ती म्हणाली. "हा माझ्या आधी मरेल याची."

दुभाषीनं ते इंग्रजीत सांगितलं. कौन्सिलच्या बाईनं काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे बघत होते. त्यांना ते आधीच कळलं होतं, भाषांतराची वाट न बघता.

"या देशात सगळे माझ्याशी हळू बोलतात," बुनिका पुढं म्हणाली. "दुकानातली पोरगी, डॉक्टर, तू. कोणी मेलेलं असलं की त्याच्या उशाशी बोलतात तसं. मी ज्या दिवशी आले त्या दिवसापासून माझ्याशी जिवंत माणसासारखं फक्त हाच भांडतो. त्याला ओरडू दे. ओरडणं हा प्रश्न नाही."

"मग प्रश्न काय आहे?" बाईनं विचारलं.

बुनिकानं काकांकडे बोट केलं. एकदम तिचा आवाज तसाच झाला, जो मी भिंतीतून दर दोन-तीन दिवसांनी ऐकत होते.

"यानं माझी मुलगी जाळली. मी याला विचारते, ती कुठं आहे? हा म्हणतो, पाण्यात सोडली, आता ती सगळीकडे आहे. सगळीकडे म्हणजे कुठं? सगळीकडे मेणबत्ती कशी लावायची?"

फोनमधली दुभाषी हे इंग्रजीत सांगताना अडखळली. सांगून होईपर्यंत काका खोलीतून निघून गेले होते.

मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा ते सिंकचा नळ उघडून नुसते उभे होते. मला पाहून नळ बंद केला.

"त्यांच्या धर्मात जाळत नाहीत," ते म्हणाले. "पुरतात. जाळलं तर त्यांचे पाद्री प्रार्थनाही करत नाहीत. इथल्या पाद्र्याला फोन केला होता मी डोरिना गेल्यावर. म्हणाला, नियम आहे. तेव्हापासून मी त्यांच्या कोणत्या दारात पाय नाही ठेवला. पहिले मी त्याला विहार म्हणत होतो. ज्या दारात माझ्या बायकोला जागा नाही, ते कायचं विहार?"

"पण काका, मग जाळलं कशाला? तुमच्या पद्धतीनं म्हणून?"

"माझी पद्धत गेली खड्ड्यात. तिनंच सांगितलं. हॉस्पिटलात, शेवटी शेवटी. म्हणाली, या देशात मी तीस वर्षं थंडीनं कुडकुडले, आता मला ओल्या जमिनीत ठेवू नको. मला एकदा तरी नीट गरम होऊ दे." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "म्हातारीला सांगितलं मी हे. शंभरदा सांगितलं. ती म्हणते, खोटं बोलून राहिला तू. माझी मुलगी असं म्हणणार नाही. आता मी पुरावा कुठून आणू? खोलीत तिसरं कोणी नव्हतं."

कौन्सिलची बाई थोड्या वेळानं गेली. दारात तिनं काकांना सांगितलं, की काळजीचं काही कारण तिला दिसत नाही. काकांनी मान डोलावली. तिनं तो ग्लास पूर्ण संपवला होता हे पाहून ते अस्वस्थ झाले.

त्या आठवड्यात भिंत शांत होती. मला खरंच काम सुचेना. शनिवारी सकाळी थाप पडली.

"तुझा पासपोर्ट कोणता? आपला का इंग्रजांचा?"

"ब्रिटिश घेतला ना काका मागच्या वर्षी."

"घेतला ते वाईट केलं. पण आता कामी येते, व्हिसा नाही लागत. चार दिवस सुट्टी काढ. म्हातारीला कलिमनेश्तला घेऊन जाऊन राहिलो, मेणबत्ती लावायला. विमानात तिला बाथरूमला न्यायला बाईमाणूस पाहिजे."

"तुम्ही तर त्यांच्या दारात पाय ठेवणार नव्हतात."

ते दाराच्या चौकटीला हात टेकून उभे राहिले. "तिनं परक्या बाईसमोर सांगितलं पोरी. घरात मले काही म्हण, लाटणं मार. पण परक्यासमोर तोंड उघडायची वेळ आली तिच्यावर. इतकं साचलं होतं. आता नाही म्हणायला तोंड नाही मला."

विमानात मी मधल्या सीटवर. खिडकीवरून आधीच भांडण झालेलं, त्यामुळे एका बाजूला बुनिका, दुसऱ्या बाजूला काका, आणि दोघं माझ्या डोक्यावरून. एअरहोस्टेसनं खाली वाकून मला हळूच विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, ही त्यांची चांगली अवस्था आहे.

रोमानियात सिबियूला उतरून आम्ही टॅक्सी केली. काका टॅक्सीवाल्याशी आधी दरावरून, मग रस्त्यावरून, मग तिथल्या निवडणुकांवरून भांडले. तोही भांडला, तितक्याच जोरात, दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून. काकांचा चेहरा उजळत गेला. रस्ता नदीच्या काठाकाठानं डोंगरात शिरला. एका वळणावर बुनिकानं काच खाली करायला सांगितली. आणि तो वास आला. नासलेल्या अंड्यांचा, खरोखर तसाच. मी नाक दाबलं. बुनिकानं डोळे मिटले. वळून पाहिलं तर काकांनीही मिटलेले.

गाव पाहून मात्र ते पुन्हा भडकले. त्यांच्या आठवणीतला लाकडी मंडप गेला होता. तिथं चकचकीत स्टीलचे नळ होते आणि शेजारी हॉटेलचं नवं बांधकाम. लोक प्लास्टिकचे मोठाले कॅन भरून गाडीत टाकत होते. "कॅन भरून राहिले," काका म्हणाले. "सावकाश पिणं नाही, चालणं नाही. हे काय रॉकेल आहे का?" बुनिकानं एका तरुणाला थांबवलं, त्याचा कॅन बाजूला करायला लावला आणि झाकणातून घोट कसा घ्यायचा ते त्याला सुनावलं. तो तरुण गप ऐकून घेत होता. पलीकडून एक म्हातारी आली, तिनं बुनिकाला ओळखलं, आणि मग दोघी गळ्यात गळा घालून बराच वेळ रडल्या. काका पाठ करून नळाची तोटी घट्ट बंद होते की नाही ते तपासत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बेटावर गेलो. नदीच्या मधोमध एक झाडीचं बेट आहे, पुलावरून जायचं. त्यावर जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींचा, लहानसा जुना मठ. पांढऱ्या भिंती, आत अंधार, बाहेर गुलाबांचे वाफे. त्या गुलाबांना कळ्या होत्या. बुनिका माझ्या हाताला धरून चालत होती. काका पुढे. सकाळपासून ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं मंत्र म्हणतायत. मग कळलं, भाषण पाठ करतायत. कोणी अडवलंच तर काय काय सुनवायचं ते. नियम कोणी केला, दया कशाला म्हणतात, आणि तीस वर्षं दुसऱ्यांची आजारपणं काढणाऱ्या बाईला तुमचा देव दारात उभं करणार नाही का.

अंगणात एक जोगीण झाडत होती. काळा पायघोळ झगा, वय चाळिशीचं. काका तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. छाती पुढे काढून त्यांनी सुरुवात केली. मला एवढंच समजलं की ते स्वतःचं नाव सांगतायत, अरुण गजभिये, मग डोरिनाचं, मग "जाळली" असा शब्द आला, कारण तो मी भिंतीतून इतक्यांदा ऐकला होता. जोगीण झाडू थांबवून ऐकत होती. काका पुढच्या मुद्द्यावर जाणार तेवढ्यात तिनं भिंतीकडे हात केला आणि एक वाक्य बोलून पुन्हा झाडायला लागली.

काका तसेच उभे.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, मेणबत्त्या तिकडे लावतात. कोणाची आहे ते विचारायला आम्ही इथं बसत नाही."

सगळं भाषण त्यांच्या तोंडात राहिलं होतं. भांडायला आलेला माणूस भांडण न मिळाल्यावर कसा दिसतो ते मी पाहिलं. सामान एकदम काढून नेलेल्या मोठ्या घरासारखा.

भिंतीपाशी पत्र्याच्या दोन लांब पेट्या होत्या. दोन्हीत वाळू, आणि वाळूत पिवळ्या मेणबत्त्या खोचलेल्या. वर एकेक शब्द रंगवलेला. काकांनी मला वाचून दाखवला. डावीकडे जिवंत माणसांसाठी, उजवीकडे गेलेल्यांसाठी. आपल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि लावायची.

बुनिकानं उजवीकडच्या पेटीत मेणबत्ती खोचली. मी हात धरायला गेले तर तिनं मला कोपरानं दूर केलं. काडी ओढली. "डोरिना," म्हणाली. मग पुष्कळ वेळ त्या ज्योतीकडे बघत उभी राहिली. मग मान न वळवता तिनं काकांना काहीतरी विचारलं. या वेळी आवाजात करवत नव्हती. काकांनी उत्तर दिलं. तिनं पुन्हा तेच विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, हळू. तिला ते ऐकू गेलं की नाही कोणास ठाऊक, पण तिनं मान हलवली.

काकांनी मला नंतर सांगितलं. तिनं विचारलं होतं, तिला खरंच थंडी वाजायची का. ते म्हणाले, हो. इतकी? हो, इतकी.

मला वाटलं आता निघायचं. पण बुनिकानं कोटाच्या खिशातून दुसरी मेणबत्ती काढली आणि डावीकडच्या पेटीशी गेली. जिवंतांच्या. मी मनात म्हटलं, गावातल्या त्या मैत्रिणीची असेल, नाहीतर भाचीची. तिनं ती वाळूत रोवली, पेटवली, आणि "अरुण," म्हणाली.

काका तिच्यापासून दोन पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकलं. ते खोकले. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "धूर लई आहे इथं." आमच्या बाजूला धूर मुळीच नव्हता. नदीवरून वारा येत होता आणि सगळा पलीकडे जात होता.

त्या वाऱ्यानं मेणबत्ती विझली. बुनिकानं पुन्हा लावली. पुन्हा विझली. तिसऱ्यांदा विझल्यावर तिनं काकांच्या स्वेटरची बाही धरली, त्यांना ओढत पेटीच्या पलीकडे नेलं आणि नदीकडे पाठ करून उभं केलं. खांद्यांना धरून थोडं डावीकडे सरकवलं. थोडं अजून. मग मेणबत्ती लावली. ती जळत राहिली.

मी आणि बुनिका बाकावर जाऊन बसलो. जोगिणीनं आम्हाला गरम चहा आणून दिला. काका तिथंच उभे होते, हात दोन्ही बाजूंना सोडून, मान खाली घालून. वारा त्यांच्या पाठीवर येत होता, स्वेटर फडफडत होता. बुनिका त्यांच्याकडे पाहून मध्येच काहीतरी ओरडली, हलू नकोस असं बहुधा, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला उलट उत्तर दिलं नाही. मेणबत्ती पार वाळूपर्यंत उतरली तेव्हा ते तिथून हलले.